स्थळप्रतीच्या पाठीवर

गावात मला सगळे वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही. चांदूर रेल्वेला बसस्टँडच्या मागे माझं रिटर्न भरायचं ऑफिस आहे. एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर, जो थंडीत कागद ओढत नाही. जीएसटी, पॅन, संस्थांचे हिशोब, जे येईल ते करतो. पण राजकीय पक्षाची फाइल माझ्याकडे एकच होती, आणि तीही चार वर्षं कपाटावर धूळ खात पडलेली.

ऑक्टोबर 2025, दसरा होऊन गेलेला. सकाळी शटर वर करतोय तोच मोबाइल रिपेअरिंगवाला पोरगा खाकी पाकीट घेऊन समोर उभा.

"हे माह्या दुकानात येऊन पडलं होतं, वकीलसाहेब. तीन आठवडे झाले. म्हटलं कोणी नेईन, कोणी आलंच नाई."

त्याचं दुकान आहे ती खोली म्हणजे आमच्या या पक्षाचं 'केंद्रीय कार्यालय'. नोंदणीच्या वेळी तिथे बोर्ड होता, सतरंजी होती, तुकडोजी महाराजांचा फोटो होता. भाडं थकलं, खोली सुटली, पत्ता मात्र निवडणूक आयोगाच्या कागदावर तसाच राहिला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 29अ कलमात स्पष्ट लिहिलंय की नाव, पत्ता, पदाधिकारी काहीही बदललं तर आयोगाला लगेच कळवायचं. मी तेव्हा अध्यक्षांना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "पोस्टमन आपलाच आहे."

पाकिटात कारणे दाखवा नोटीस होती. 2021-22, 2022-23 आणि 2023-24 या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब दिले नाहीत, निवडणूक लढवली पण खर्चाचं विवरण भरलं नाही, तर पक्ष यादीतून का काढू नये? सुनावणी मुंबईला, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. तारीख पाहिली आणि चहा तसाच ठेवला. उद्या.

आयोगाने 9 ऑगस्टला 334 आणि 18 सप्टेंबरला 474 पक्ष यादीतून काढले होते. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले. पेपरात वाचून मी मनात म्हटलं होतं, आपला नाही सापडला, आपण 2024ला दोन जागा लढलो. पण लढलेल्यांचीही वेगळी यादी निघाली होती, हिशोब न देणाऱ्या 359 पक्षांची. आपण त्यात. आपल्याकडे 2016 सालीच राज्य निवडणूक आयोगाने याच कारणावरून 191 पक्षांची नोंदणी रद्द केली होती, एमआयएमसुद्धा त्यात होता. म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अध्यक्षभाऊंना फोन केला. ते शेतात सोयाबीनच्या मळणीला. मागे थ्रेशरचा आवाज इतका की मला नोटीस ओरडून वाचावी लागली.

"मंग आता काय करा लागन?"

"आज संध्याकाळी बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस धरा लागन. तोवर प्रतिज्ञापत्र, पासबुक, पावतीपुस्तकं आणि दोन सह्या. एक तुमची, एक सरचिटणिसांची."

थ्रेशर चालू होता, भाऊ गप्प.

ही चुप्पी मला माहीत होती. विधानसभेला अर्ज भरायचा शेवटचा दिवस 29 ऑक्टोबर 2024. तीन वाजेपर्यंत पक्षाचे अ आणि ब नमुने, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारे कागद, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडावे लागतात, आणि त्यावर अधिकृत माणसाची शाईची सही लागते. रबरी शिक्का, छापील सही चालत नाही. भाऊंनी सदस्यत्वाच्या कार्डांसाठी सहीचा शिक्का करून घेतला होता. त्या धावपळीत तोच ब नमुन्यावर मारला. आमचे सरचिटणीस गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, ते उमेदवार. दहा सूचक होते म्हणून अर्ज वाचला, पण गुरुजी अपक्ष झाले. आयुष्यभर ज्या पक्षाच्या नावाने गावोगाव फिरले, त्याचं नाव मतदान यंत्रावर त्यांच्या नावासमोर नव्हतं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. गावं तीन किलोमीटरवर, पण एकाच मयतीलाही वेगवेगळ्या वेळी जाणार अशी गत.

अमरावतीच्या सीएंना फोन लावला. ते हसलेसुद्धा नाहीत. "तीन वर्षांचं ऑडिट एका दिवसात? सही माझी असते हो." बरोबरच होतं. मग ठरलं ते असं: ऑडिट झालेलं नाही हे खरं सांगायचं, जमाखर्चाचा कच्चा तक्ता द्यायचा, नोंदी ठेवल्या होत्या हे दाखवायचं आणि मुदत मागायची.

पण नोंदी कुठे होत्या? पक्षाचे खजिनदार होते तोवर वही आरशासारखी. ते 2021 साली कोरोनात गेले. त्यांच्यानंतर खजिनदार नेमायची बैठक तीनदा बोलावली आणि तिन्ही वेळा भांडणात मोडली. पावतीपुस्तकं तालुकाध्यक्षांच्या घरी पडली.

मी गाडी काढून तिकडे गेलो. तालुकाध्यक्ष मंडीत होते. काकूंनी फडताळातून पुस्तकं काढून दिली. सातही होती, पन्नास-पन्नास पानांची. मला हायसं वाटलं. मग उलटून पाहिली.

स्थळप्रतीची, म्हणजे पुस्तकात आपल्याकडे राहणाऱ्या पावतीची, पाठ कोरी असते. काकूंनी ती कोरी ठेवली नव्हती. पुढच्या बाजूला 'सभासद वर्गणी रु. 50', मागे 'पाटलीणबाई स. 2, सं. 1'. पुढे 'कापूस परिषद निधी रु. 500', मागे 'म्हैस आटली, बंद'. सात पुस्तकांत दुधाचा रतीब पक्षापेक्षा कितीतरी नेटका मांडलेला.

"कागद वाया जाऊन राह्यला होता ना," काकू म्हणाल्या. "नेता काय? आणून द्याजा मात्र. दिवाळीच्या आत पैसे घ्या लागते लोकायकून."

दुपारी ऑफिसात बसून बेरीज केली. तिन्ही वर्षं मिळून पक्षाची जमा एक लाखाच्या आत. त्यात एक पावती मात्र 11,000ची, रोख, एका जिनिंगवाल्याची. 2017च्या वित्त कायद्यापासून पक्षाला 2,000च्या वर रोख देणगी घेतली की आयकरातली 13अ कलमाची सूट जाते. भाऊ तोवर येऊन बसले होते, अंगाला सोयाबीनचा भुसा.

"सहा तुकडे पाडा न त्याचे. नावं मी देतो."

मी नाही म्हटलं. तत्त्वासाठी म्हटलं असं छातीठोकपणे सांगत नाही. जुलैमध्येच दिल्लीच्या आयकर न्यायाधिकरणाने काँग्रेसला 199 कोटींच्या उत्पन्नावरची हीच सूट नाकारली होती. एक कारण उशिरा भरलेलं रिटर्न, दुसरं हीच रोख. एवढ्या मोठ्या पक्षाचे वकील थकले तिथे आपण सहा खोट्या पावत्या कुठे फाडणार? शिवाय वर्षाचं उत्पन्न माझ्या हिशोबाने करपात्र मर्यादेपर्यंतही पोचत नव्हतं. सूट गेली तरी जाणार काय? भाऊंना हे तीनदा समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे गरीब आहो म्हणून वाचलो." हो म्हटलं.

सात पुस्तकांच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून घेतली. झेरॉक्सवाला पोरगा म्हणाला, मागची कायले, दुधाची आहे. तरी काढ म्हटलं. अस्सल प्रती मुंबईला जाणार होत्या.

राहिली गुरुजींची सही. नोटरी संध्याकाळी पाचला उठून जातात. भाऊंना मागे बसवून गुरुजींच्या घरी गेलो तेव्हा पावणेचार झालेले. गुरुजी ओसरीवर सोयाबीनच्या शेंगा पाहत होते. भाऊ फाटकाशीच थांबले. मी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. गुरुजींनी ते शाळेतल्या पेपरासारखं वाचलं, दुसऱ्या परिच्छेदातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"त्याले म्हणा, मार शिक्का."

"गुरुजी, गाडी चुकन."

"माही तर चुकलीच न. आता काऊन पेन लागते?"

फाटकाजवळून भाऊ बोलले. वर्षभरातलं पहिलं वाक्य. "शिक्का इहिरीत टाकला म्या. त्याच रात्री."

गुरुजींनी वर पाहिलं नाही. खिशातलं शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ओसरीच्या कडेला ठेवलं. भाऊ आत आले. उभ्या-उभ्याच मांडीवर फाइल टेकवायला गेले, तेव्हा गुरुजींनी पाट पुढे सरकवला. भाऊंनी बसून सही केली, मोठी, सात-बारावर करतात तशी. गुरुजींनी उजव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि सहीच्या शेवटच्या रेघेवरून फिरवलं. शाई पसरली. त्यांनी बोट उजेडात धरून पाहिलं, धोतराला पुसलं आणि खाली स्वतःची सही केली.

त्या डागावरून नोटरी कुरकुरले. खाडाखोड वाटते म्हणाले, बाजूला दोघांच्या छोट्या सह्या मागितल्या. त्या झाल्या.

बडनेऱ्याला गर्दी होती, रिझर्व्हेशनचा प्रश्नच नव्हता. जनरलच्या डब्यात दोघे दोन दारांनी चढले. पुस्तकांची पिशवी गुरुजींकडे होती आणि भाकरीचं गाठोडं भाऊंकडे, त्यामुळे कधीतरी एकत्र बसावं लागणारच होतं.

रात्री साडेनऊला काकूंचा फोन आला.

"वकीलसाहेब, पुस्तकं कुठी हायेत माही?"

"मुंबईला निघाली, काकू."

"अन् माह्या दुधाचा हिशोब?"

"त्याची झेरॉक्स आहे माझ्यापाशी."

"मंग सांगा बरं, पाटलीणबाईचं किती निघते?"

मी कपडे घालून ऑफिस उघडलं. लाइट लावला, गठ्ठा सोडला आणि पावती क्रमांक 214ची पाठ शोधली.

"लिहा काकू. बारा तारीख. सकाळ दोन, संध्याकाळ एक."