केपटाऊनला जाताय? अर्धा दिवस पार्लमेंटच्या आसपास फिरायला ठेवा

केपटाऊनचं प्लॅनिंग करताना सगळे टेबल माउंटन, पेंग्विन, वॉटरफ्रंट एवढंच धरतात, आणि पार्लमेंटचं, म्हणजे इथे असलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संसदेचं, नाव काढलं की ऐकायला मिळतं की ती तर जळाली, आता तिथे काय बघणार. जळाली हे खरं आहे. २ जानेवारी २०२२ ला आग लागली, आदल्याच दिवशी शेजारच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमधे वर्णभेदाविरुद्ध लढलेले आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचे अंत्यसंस्कार झाले होते, आणि नॅशनल असेंब्लीचं, म्हणजे खालच्या सभागृहाचं, दालन त्या आगीत गेलं. पण त्या इमारतीच्या चारी बाजूंनी चालत फिरलं ना तर दक्षिण आफ्रिकेचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास पायाखालून जातो, आणि त्यात आपल्या कोकणातला एक माणूसही भेटतो, त्याचं पुढे सांगते.

सुरुवात अॅडर्ली स्ट्रीटच्या वरच्या टोकाला स्लेव्ह लॉजपासून करा. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६७९ मधे गुलामांना कोंडून ठेवायला बांधलेली ही इमारत, आता म्युझियम आहे. इथे आणलेल्या गुलामांत बंगाल, मलबार, कोरोमंडलची माणसंही होती, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं आणि वाचून खूप वेळ काही सुचेना. मागच्या चर्च स्क्वेअरमधे काळ्या ग्रॅनाइटचे ठोकळे आहेत, त्यांच्यावर गुलामांची नावं कोरलीत. लोक त्यावर बसून डबा खातात, पण तुम्ही थांबून वाचा.

तिथून गव्हर्नमेंट अॅव्हेन्यूवर यायचं. ओक झाडांची सावली, एका बाजूला कंपनी गार्डन, दुसऱ्या बाजूला कुंपणापलीकडे पार्लमेंट, लाल विटा आणि पांढरे खांब. १८८५ ला उघडलेला हा जुना भाग. खारी इतक्या धीट आहेत की हातातल्या पिशवीत तोंड घालतात, मुलं असतील तर अर्धा तास तिथेच जाणार हे धरून चाला. थोडं पुढे गेटमधून टॉइनहाइस दिसतं, राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस.

कुंपणाला धरून उभं राहिलं की मग सगळं आठवायला लागतं. याच संसदेत हेलन सुझमन बाई १९६१ पासून तेरा वर्षं आपल्या पक्षाच्या एकट्या खासदार होत्या आणि वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध एकट्या मत देत राहिल्या. १९६६ मधे पंतप्रधान फेरवुर्ड यांचा खून इथेच, भर सभागृहात झाला. १९८४ ला तीन सभागृहांची संसद आली, गोऱ्यांचं एक, कलर्ड म्हणजे मिश्रवंशीय लोकांचं एक, इंडियनांचं एक, आणि देशात बहुसंख्य असलेल्या काळ्या माणसाला कुठेच जागा नाही! २ फेब्रुवारी १९९० ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी एएनसीवरची, म्हणजे मंडेलांच्या पक्षावरची, बंदी उठवल्याचं जाहीर केलं तेही इथेच, आणि ९ मे १९९४ ला नॅशनल असेंब्लीने मंडेलांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. आता असेंब्लीत ४०० खासदार आहेत, २०२४ च्या निवडणुकीत एएनसीला १५९ जागा मिळाल्या, म्हणजे १९९४ नंतर पहिल्यांदा बहुमत गेलं आणि इतर पक्षांना सोबत घ्यावं लागलं. वरचं सभागृह ९० जणांचं, नऊ प्रांतांचे प्रत्येकी दहा.

आता तो कोकणातला माणूस. पार्लमेंटच्या वरच्या अंगाला स्टाल प्लेनमधे लुई बोथांचा घोड्यावरचा पुतळा आहे, चौथऱ्यावर लिहिलंय शेतकरी, योद्धा, मुत्सद्दी. हे १९१० मधे झालेल्या युनियन ऑफ साउथ आफ्रिकेचे पहिले पंतप्रधान. ऑक्टोबर १९१२ मधे गोपाळ कृष्ण गोखले बोटीने केपटाऊनला उतरले, गांधीजींबरोबर देशभर फिरले आणि नोव्हेंबरमधे प्रिटोरियात याच बोथांना आणि त्यांचे मंत्री स्मट्स यांना जाऊन भेटले. मुद्दा होता करार संपलेल्या गिरमिटिया मजुरांवरच्या वर्षाला तीन पौंडांच्या कराचा. कर जाणार असं गोखले समजून परतले, सरकारने मात्र तसं वचन दिलंच नव्हतं असं सांगून हात वर केले, मग भारतीय मजुरांचा १९१३ चा मोठा संप, तुरुंगवास, आणि शेवटी १९१४ मधे याच केपटाऊनच्या पार्लमेंटने इंडियन रिलीफ अॅक्ट पास करून तो कर रद्द केला, आपल्या पद्धतीने झालेली लग्नंही मान्य केली. रत्नागिरीतल्या कोतळूकला जन्मलेला, तेव्हा डायबेटिसने आजारी असलेला माणूस एवढ्या लांब येऊन बोथांसमोर बसला होता, आणि आपल्या टूरवाल्यांच्या तोंडी त्याचं नाव कधीच नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे एवढं लिहितेय.

परत येताना क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर हायकोर्टाच्या अॅनेक्ससमोर दोन लाकडी बाकं दिसतील, एकावर फक्त गोऱ्यांसाठी, दुसऱ्यावर गोरे सोडून इतरांसाठी असं लिहिलेलं. माणूस कुठल्या वंशाचा हे ठरवायच्या सुनावण्या त्याच इमारतीत चालायच्या. तिथून सिटी हॉल चालत थोडाच वेळ, बाल्कनीत मंडेलांचा पुतळा आहे, ११ फेब्रुवारी १९९० ला तुरुंगातून सुटल्यावर ते तिथूनच बोलले. आगीनंतर राष्ट्राध्यक्षांचं वार्षिक भाषणही सिटी हॉलमधेच व्हायला लागलं.

आत बसून कामकाज बघायचं असेल तर आधी संसदेच्या वेबसाइटवरून ईमेल करून विचारा, कारण बैठकीची जागा आगीपासून बदलत राहिलीय, कधी आवारातलंच गुड होप चेंबर, कधी सिटी हॉल, नंतर आवाराजवळ उभारलेला डोम. पासपोर्ट जवळ हवाच. कामकाज लोकांसाठी खुलं ठेवायचं असं त्यांच्या राज्यघटनेतच आहे. माझं मत विचाराल तर मुख्य सभागृहापेक्षा समितीची बैठक बघा, मंत्र्यांना अधिकाऱ्यांना प्रश्न तिथे नीट विचारले जातात. नाहीच जमलं तर यूट्यूबवर लाइव्ह असतं, तिकडची वेळ आपल्या साडेतीन तास मागे. संसदेच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या पार्लमेंटरी मॉनिटरिंग ग्रुप या संस्थेच्या साइटवर समित्यांचे रिपोर्टही मिळतात, जायच्या आधी एखादा वाचून जा.

बाकी, वीकडेला सकाळी जा. रविवारी हा भाग ओस असतो आणि अंधार पडल्यावर चालत फिरू नका, उबर करा, मोबाइल हातात नाचवू नका. फाटकावरच्या पोलिसांना विचारून मगच फोटो काढा. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर जानेवारीत, वारा टोपी उडवून नेतो आणि जून ते ऑगस्ट पाऊस. जेवायला लाँगमार्केट स्ट्रीटला ईस्टर्न फूड बझार आहे, शाकाहारी लोकांची सोय होते आणि स्वस्त आहे. व्हिसाचं काम लवकर सुरू करा, आणि अदिस अबाबा किंवा नैरोबीला लांबचा थांबा असेल तर यलो फीवरच्या लसीचं कार्ड लागेल का ते तिकीट काढायच्या आधीच एअरलाइनला विचारा.