अठ्ठावीस पहाटा

डिट्रॉइट पिस्टन्स म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधली माझी टीम. त्यांची घरची मॅच म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे बहुतेक पहाटे साडेपाच. आमच्या गल्लीत तेव्हा माग सुरू झालेले असतात, खटाखट खटाखट, आणि मी चादर डोक्यावरून घेऊन मोबाईल बघत बसायचो. २०२३-२४ चा अख्खा सीझन असाच काढला. पहिल्या तीनपैकी दोन जिंकले होते ओ, वाटलं यंदा जमतंय, आणि मग ३० ऑक्टोबरपासून जे हरायला लागले ते सलग अठ्ठावीस.

पार्क चौकात चहाला भेटला की मित्र विचारायचा, "काय बे, आज पण गेली का?" वर म्हणायचा की मुद्दाम हरतायत, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन खेळाडू निवडतात तिथं, आधी नंबर लागून चांगला पोरगा मिळावा म्हणून. याचा मला लय राग यायचा. अरे, आदल्या वर्षी १७ जिंकून ६५ हरले, सगळ्यात तळाला होते, तरी निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पाचवाच नंबर आला, कारण तळातल्या तिघांना पहिल्या नंबरचा चान्स सारखाच, १४ टक्के. मुद्दाम हरून काय मिळणार होतं? टीम कोवळी होती, बाहेरून शूट करणारे कमी, बोयान बोगदानोविच सुरुवातीलाच जखमी, आणि शेवटच्या पाच मिनिटांत बॉल हातातून जायचा, खरं कारण हे.

सत्तावीसावी हार ब्रुकलिनकडून, एका सीझनमध्ये सलग हरण्याचा सगळ्यात वाईट रेकॉर्ड. आमच्या केड कनिंगहॅमनं, दोन नंबरची जर्सी घालणाऱ्यानं, ४१ पॉईंट मारले त्या रात्री, बाकी स्टेडियम "टीम विका" म्हणून ओरडत होतं. अप्पा पाणी भरायला उठले होते, माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "ते दोन नंबरचं पोरगं अजून पळतंय की." अप्पांना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण तीस वर्षं मागावर उभे राहिलेत, कोण मनापासून करतंय ते त्यांना बरोबर दिसतं.

दोन दिवसांनी बोस्टन. बोस्टनच्या घरात एकवीसनं पुढे! मी चादर टाकून उठूनच बसलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सगळं गेलं, तरी ओव्हरटाईमपर्यंत नेली आणि १२८-१२२ नं हरले. त्या दिवशी कामावर कुणाशी बोललो नाही.

मग ३१ डिसेंबरच्या पहाटे टोरोंटोला १२९-१२७ नं हरवलं, केडचे ३० पॉईंट, १२ असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास. मी अप्पांना झोपेतून उठवून स्कोअर दाखवला.

सीझन संपला १४-६८ वर, कोच माँटी विल्यम्सना काढलं, पुढच्या वर्षी नवे कोच बिकरस्टाफ यांच्या हाताखाली याच केडनं टीम ४४-३८ वर आणून प्लेऑफला नेली. ते सगळं मी दोन-दोनदा बघितलंय. बोस्टनचा तो तिसरा क्वार्टर मात्र अजून परत लावलेला नाही.