बरणीतली चकती

संग्रहालयातल्या बरणीत मी पाहिलेला खोल समुद्रातला सी अर्चिन (कवचावर काटे असलेला समुद्री प्राणी) म्हणजे तळाशी बसलेली एक चपटी, मळकट चकती होती. हा प्राणी जगतो कसा, हे त्या बरणीकडे बघून कळेना. म्हणून संशोधन जहाजावर पाहुणा म्हणून जायची संधी आली तेव्हा बोट लागण्याची भीती गिळून निघालो. (बोट लागलीच. पहिले दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत.)

तिसऱ्या दिवशी आरओव्ही, म्हणजे केबलला बांधलेली बिनमाणसाची पाणबुडी, पाण्यात सोडली. तळ गाठायला दीड तास. २०० मीटरनंतर निळाई विझत गेली, १००० च्या खाली नुसता काळोख. दिव्यांच्या झोतात वरून पडणारे पांढरे कण तेवढे दिसत: मेलेले प्लवक, विष्ठा, उरलंसुरलं. खालच्यांचं जेवण हेच.

२६०० मीटरवर चिखल दिसला. त्यावर आधी रेघाच होत्या, वळणावळणाच्या. एक रेघ धरून गेलो तर टोकाला चिखलात अर्धवट रुतलेला, हृदयाच्या आकाराचा अर्चिन. चिखल गिळायचा, त्यातलं अन्न पचवायचं, बाकीचा मागे टाकायचा. गोल अर्चिनांचं गुदद्वार वर असतं. याचं सरकत मागच्या बाजूला आलंय. सदैव पुढेच जाणाऱ्याला ते सोयीचंच.

थोड्या अंतरावर माझी चकती भेटली. पण ती चकती नव्हतीच! फुगलेली, जांभळट उशी, काट्यांवर उभी. या गटात कवचाच्या तकट्यांमध्ये मऊ कातडी असते, त्यामुळे अंग लवचीक. बऱ्याच जातींत खालच्या काट्यांच्या टोकांना चक्क खूर असतात, चिखलात रुतू नये म्हणून. १८६९ साली ‘पॉर्क्युपाइन’ जहाजावर स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञ वायव्हिल थॉमसन यांनी असाच एक लाल अर्चिन डेकवर पाहिला. तो केकसारखा पसरून धापा टाकू लागला, तेव्हा तेही चकित झाले होते.

आमच्यातल्या जीवशास्त्रज्ञांना एक नमुना हवा होता. यंत्राच्या नळीने तो अलगद ओढून घेतला. संध्याकाळी डबा उघडून पाणी काढलं, तशी उशी माझ्या डोळ्यांदेखत बसत गेली. पाण्याचा आधार सुटला की आकार धरायला तिच्यात काहीच नसतं. हात पुढे केला तर मागून ओरडा आला: काटे विषारी आहेत, हातमोजे घाला.