डोंगरापासून लांब: नाशिक जिल्ह्यातल्या लँडस्केपची यंदाची नोंद

यंदा वाईड (रुंद कोनाची) लेन्स बॅगेतून जवळजवळ हद्दपार केली. आपल्या जिल्ह्यात लँडस्केप करायचं तर ७०-३०० मिमीची टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, हीच मुख्य लेन्स, हे माझं मत आता पक्कं झालंय. बऱ्याच जणांना ते पटणार नाही याची कल्पना आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुद्दा आपल्या डोंगरांच्या घडणीचा आहे. दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो आणि उतारावर गवत-झुडपं धरतात. त्यामुळे अख्खा डोंगर आडव्या पट्ट्यांचा दिसतो: कातळ, गवत, कातळ, गवत. पायथ्याला उभं राहून १६ मिमीने हे टिपायला गेलं की कॅमेरा वर उचलावा लागतो, पट्ट्या वाकड्या होतात, आणि १४७२ मीटर उंचीचा धोडप किल्ला गावामागच्या टेकाडाएवढा दिसायला लागतो. तोच धोडप आग्रा रोडवर वडाळीभोईच्या आसपास थांबून २०० मिमीने बघा. पट्ट्या सरळ, माथ्यावरचा सुळका ठसठशीत, माचीची ती पातळ काळी भिंत आणि तिच्यातली चौकोनी खाच आकाशावर कोरल्यासारखी. गडावर चढून गेलात तर रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, सप्तशृंगी सगळे मिळतील, फक्त धोडप मिळणार नाही!

सातमाळेच्या डोंगररांगेवर यंदा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि त्यातला निम्मा उजेडाचं गणित जुळवण्यात. रांग साधारण पश्चिम-पूर्व पसरलेली. अचला, अहिवंतापासून सुरू होऊन चांदवडच्या पुढे अंकाई-टंकाईपर्यंत किल्ल्यांची माळच. नाशिक २० अक्षांशावर. डिसेंबरअखेर सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि तेवढाच दक्षिणेला सरकून मावळतो. म्हणजे हिवाळाभर रांगेच्या दक्षिण बाजूला सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा उजेड आणि उत्तर बाजू बहुतेक वेळ सावलीत.

वणीच्या बाजूने सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या उत्तरेला येतात. सकाळी तिथे उभं राहिलं की सूर्य उजव्या खांद्याच्या किंचित मागे असतो. प्रत्येक कातळपट्टीखाली सावलीची रेघ पडते आणि डोंगराला जाडी येते. वडाळीभोईचं नेमकं उलट आहे. तिथून धोडप वायव्येला पडतो, त्यामुळे सकाळचा उजेड आपल्या पाठीमागून येऊन डोंगरावर जवळपास समोरून आदळतो आणि डोंगर सपाट दिसतो. तिथे संध्याकाळ गाठायची. सूर्य डावीकडे कलला की भिंतीची कड उजळते. एकाच दिवसात दोन्ही साधतात. मधला वेळ दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षबागांच्या ओळी बघण्यात घालवायचा. गोडी (फळासाठीची) छाटणी होऊन दीडेक महिना उलटला असेल तर बागेला पान भरपूर असतं, आणि वरून हिरव्या पट्ट्या, मागे डोंगराच्या करड्या पट्ट्या असा जोड जमतो.

ट्रायपॉड बांधावर लावला की हमखास एक प्रश्न येतो, "मोजणीला आलात का ताई? कुठला रस्ता चाललाय इकडून?" नुसता डोंगराचा फोटो काढतेय यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मी आता कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून दाखवते. मग चहा येतो, शिवाय "त्या विहिरीपासून बघा, मधली तार येणार नाही" असा पक्का सल्लाही मिळतो. यंदाच्या बऱ्याच चांगल्या फ्रेमांच्या जागा अशाच कुणीतरी दाखवलेल्या आहेत.

आता थोडं तांत्रिक. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर मी f/८ अ‍ॅपर्चर सोडत नाही. F/११ च्या पुढे बारीक तपशील मऊ पडायला लागतो, आणि इतक्या लांबच्या विषयाला डेप्थचा (जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट येण्याचा) प्रश्न तसाही नसतो. ७०-३०० ला ट्रायपॉडवर बसवायची कॉलर (कडी) नसल्याने पुढचं वजन ट्रायपॉडला डुलवतं. म्हणून मधला दांडा खाली, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. वारा असेल तर आयएसओ ४०० करून शटर वाढवलेलं परवडतं. पोलरायझर (चकाकी काढून आकाश गडद करणारा फिल्टर) सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त काम करतो, आणि वणीकडून डोंगर बरोबर त्या बेताला येतात. वाईडवर तोच फिल्टर आकाशात एका बाजूला गडद डाग पाडतो. टेलीचा कोन अरुंद असल्याने ती कटकट नाही. पूर्ण रांग हवी असेल तर कॅमेरा उभा धरून १३५ मिमीने फ्रेम जोडायच्या. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल, आणि शेजारच्या दोन फ्रेमांत तिसरा हिस्सा तरी समाईक.

एका गोष्टीवर मात्र इलाज नाही: तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. नऊनंतर दहा किलोमीटरवरचा कडा पाण्यात बघितल्यासारखा हलतो. कितीही महाग लेन्स लावा, तो मऊच येणार. त्यामुळे सकाळच्या कामाला जेमतेम दोन तास मिळतात.

पावसाळ्यातलं काम वेगळं, आणि खरं सांगायचं तर मला कमी आवडतं. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, येवल्याला ५०० च्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात सगळं इतकं हिरवं होतं की फोटोत प्लास्टिक वाटतं. पोलरायझरने ओल्या पानांची चकाकी काढली आणि रॉ फाइलमध्ये हिरव्याचा रंग जरासा पिवळ्याकडे नेऊन सॅच्युरेशन उतरवलं की जरा माणसात येतं. पहिनेला, भावली धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा असतात, तेव्हा आडवार बघून जायचं. हरिहरच्या पायऱ्या सगळेच काढतात, मी काढत नाही. त्यापेक्षा ब्रह्मगिरी आणि अंजनेरीच्या कड्यांवर ढग फाटतात ते क्षण १५०-२०० मिमीने टिपायला मजा येते. वीस मिनिटं पांढरा पडदा, मग एखादा कडा आणि त्यावरून उतरणारी धार, की पुन्हा पडदा. लेन्सवर हूड, हूडवर छत्री, खिशात दोन कोरडी फडकी.

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षीवाल्यांची ६०० मिमीची फौज असते. २०२० मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा) दर्जा जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं पाणथळ, त्यामुळे गर्दी वाढलीय. पण गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी गाळामुळे उथळ झालंय, मध्ये बेटं आणि पाणवनस्पती. लँडस्केपला याहून चांगलं काय हवं? निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. धुकं पडलं की कॅमेऱ्यातला उजेडाचा मीटर फसतो आणि सगळं राखाडी येतं, म्हणून एक्स्पोजर +२/३ ते +१ ने वाढवते. पहाटे पाण्याची आडवी रेघ, एखादं वाळकं झाड, बाकी रिकामी फ्रेम. पक्षी आलाच तर ठिपक्याएवढा. पक्षीवाले मित्र हसतात, हसोत.

येवल्याकडचा ममदापूर-राजापूरचा माळ मात्र अजून माझ्या हाती लागलेला नाही. काळवीट दिसतात, गवत सोनेरी असतं, पण नजर थांबेल असं मागे काही मिळत नाही. अंकाई-टंकाई जोडीने दिसतील अशी जागा शोधतेय. मनमाडजवळची हडबीची शेंडी आहेच, पण ती रेल्वेच्या खिडकीतून सगळ्यांनीच बघितलेली.

पुढचा बेत सातमाळेच्या उत्तर बाजूचा. मेअखेर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला २० अंशांहून जास्त सरकलेला असतो, म्हणजे हिवाळाभर अंधारात असलेले उत्तरेचे कडे सकाळी उजळतात. ते बघायला कळवण-अभोण्याच्या बाजूने दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं लागेल. अडचण उन्हाळी धुरकटपणाची: मे महिन्यात पाच किलोमीटरवरचा डोंगरसुद्धा पांढुरका दिसतो. त्यावर उतारा वळवाच्या पावसाचा. संध्याकाळी सर पडून गेली तर दुसऱ्या दिवशीची सकाळ धुतलेली मिळते, दुपारपर्यंत पुन्हा धूळ. कळवण, अभोणा, वणी गड या बाजूला राहणाऱ्या कुणी मेमध्ये संध्याकाळी पाऊस झाला की त्याच रात्री कळवलं, तर मी पहाटे साडेतीनला नाशिक सोडायला तयार आहे.