शेवटून दुसरी ओळ

मूत्राशयाच्या माथ्याला चिकटलेली 6 सेंटिमीटरची गाठ, पोटाच्या स्नायूंत घुसलेली. बाई पन्नाशीच्या, वजन झपाट्याने उतरलेलं. सीटी स्कॅन पाहून सगळ्यांनी कॅन्सरच धरला होता. सोमवारी मूत्राशय काढायचं ठरत होतं, सर्जन फक्त बायोप्सीच्या रिपोर्टसाठी थांबले होते. तो रिपोर्ट मी, पॅथॉलॉजिस्ट, देणार होते.

पहिल्या तुकड्यांत मला नुसती सूज दिसली. कॅन्सरची एकही पेशी नाही. सर्जन म्हणाले, "मॅडम, गाठ हाताला लाकडासारखी लागते. सुई नेमकी जागी गेली नसेल." तसं होतंही. म्हणून पुन्हा बायोप्सी घेतली, आणि या वेळी सुईबरोबर थोडा पू आला. बाटलीच्या तळाशी रव्यासारखे पिवळे कण बसले होते. एक कण दोन काचांमध्ये दाबला, जंतू दिसावेत म्हणून ग्रॅम स्टेनने रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. फांद्या फुटलेल्या जांभळ्या धाग्यांचा गच्च गुंता! आपल्याकडे अशा वेळी आधी टीबी आठवतो, म्हणून टीबीचे जंतू लाल दाखवणारा झेडएन स्टेनही केला. लाल काहीच दिसलं नाही.

ॲक्टिनोमायकोसिस, म्हणजे कॅन्सर नव्हे, जंतूंचा संसर्ग. बर्लिनच्या जेम्स इस्रायल यांनी 1878 साली माणसातला हा आजार नोंदवला, जंतूला नावही त्यांचंच. एरवी तो तोंडात, आतड्यात निमूट राहतो. एकदा आत शिरला की अवयवांच्या सीमा न मानता पसरतो, म्हणूनच स्कॅनवर थेट कॅन्सर वाटतो.

पण ओटीपोटात शिरला कुठून? सीटीचा रिपोर्ट पुन्हा काढला. शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, गर्भाशयात तांबी. पहिल्या दिवशी ती ओळ वाचून मी पुढे गेले होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आम्ही पॅथॉलॉजीवाले सहसा वॉर्डात जात नाही. त्या दिवशी गेले.

"मावशी, तांबी कधी बसवली होती?"

"धाकट्याच्या वेळी."

"धाकटा केवढा आहे?"

"यंदा बारावीला बसलाय की."

"मग काढली कशी नाही?"

"काही त्रासच नव्हता ना, डॉक्टर."

10 वर्षांनी काढायची तांबी 17 वर्षं आत होती. जंतूला वाट तिथूनच मिळाली होती.

ऑपरेशन रद्द झालं. तांबी काढली, चार आठवडे शिरेतून पेनिसिलीन आणि मग सहा महिने अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या. तिसऱ्या महिन्यात गाठ सुपारीएवढी उरली होती. मूत्राशय शाबूत.

ती काच माझ्या कपाटात आहे. नवे निवासी डॉक्टर आले की त्यांना दाखवते. त्याआधी सीटीचा रिपोर्ट मोठ्याने, शेवटपर्यंत वाचायला लावते.