‘ग्रामीण’ या एका रकान्यात

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर नापासांचे प्रमाण कोणत्या विद्यार्थ्यांत जास्त आहे, हे शोधण्याचे काम विभागाने माझ्याकडे सोपवले. नोंदींत लिंग, प्रवर्ग आणि ग्रामीण-शहरी असे रकाने होते, शाळेचे माध्यम मात्र कुठेच नव्हते. बेळगावात मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांतून आलेली मुले एकाच वर्गात बसतात. म्हणून मी प्रवेश-अर्जांच्या फायली मागवल्या आणि शाळेच्या दाखल्यांवरून प्रत्येकाचे माध्यम उतरवून घेतले.

एकत्रित आकडा फसवू शकतो, हे संख्याशास्त्राला जुनेच ठाऊक आहे. १९७३ साली अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले. विभागवार तपासणी केल्यावर मात्र स्त्रियांचे अर्ज मुख्यतः जिथे प्रवेशच अवघड होता अशा विभागांकडे गेल्याचे दिसले आणि एकेका विभागात पाहता तो फरक जवळपास नाहीसा झाला. आमच्याकडे उलट घडले: गट फोडल्यावर लपलेला फरक पुढे आला. ‘ग्रामीण’ गट फोडताच खेड्यातून आलेली इंग्रजी माध्यमाची मुले शहरी मुलांच्या बरोबरीची निघाली आणि मराठी-कन्नड माध्यमाची मुले बरीच मागे दिसली.

त्याच तक्त्याच्या एका चौकटीत एकच विद्यार्थिनी उरली: मराठी माध्यम, खानापूर तालुका. असा तक्ता बैठकीत ठेवला असता, तर नाव न लिहिताही ती कोण हे सर्वांना कळले असते. मी तो गट शेजारच्या गटात मिळवला. पण तिची गणना वगळायची नाही, हे माझ्या मनात पक्के होते. मागे पडणाऱ्यांसाठी सुरू केलेल्या जादा वर्गांच्या हजेरीपटात तिच्यापुढे ओळीने ‘गैरहजर’ आणि शेऱ्यात ‘लाभ घेतला नाही’ असे लिहिलेले होते. मी तिला बोलावून कारण विचारले.

“मॅडम, इंग्रजी आता जमतंय. पण जादा वर्ग कॉलेज सुटल्यावर असतो आणि जांबोटीकडची आमची बस त्याच वेळी सुटते. ती चुकली, तर रात्री घरी पोचायला दुसरी गाडी नाही.”

तिच्या भागातून येणाऱ्या इतरांनीही हेच सांगितले. ज्यांच्यासाठी वर्ग सुरू केला, त्यांनाच तो गाठता येत नव्हता आणि आमच्या नोंदीत तो त्यांचा निरुत्साह ठरत होता. याचा मला मनस्वी त्रास झाला. अहवालात मी माध्यम आणि प्रवासाचा वेळ हे दोन रकाने जोडण्याची, गैरहजेरीचे कारण नोंदवण्याची आणि वर्ग दुपारच्या तासाला घेण्याची शिफारस केली. वर्गाची वेळ विभागाने लगेच बदलली. रकान्यांचा प्रस्ताव अजून कार्यालयात आहे आणि दर बैठकीत मी तो पुन्हा मांडते.