टपावरचे पॅनल आणि 57 अंशांचा हट्ट

ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला लागून ला पोसा नावाची सरकारी वाळवंटी जमीन आहे. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल परवाना काढून तिथे आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) लावून राहता येतं, पण विजेची जोडणी नाही. टपावरचे सोलर पॅनल देतील तेवढीच वीज. हिवाळ्यात सोलर दुरुस्तीसाठी आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात: बॅटरी म्हातारी झालेली, कनेक्टर ढिला, काचेवर धूळ. डिसेंबरातली ही तक्रार त्यातली नव्हती आणि ती अजून डोक्यात घोळते आहे.

कॅनडातून आलेलं निवृत्त जोडपं. टपाच्या दोन्ही कडांना लांबीत दोन-दोन असे 200 वॅटचे चार पॅनल, आणि ते तिरके करायचं किट एका दुकानातून बसवून घेतलेलं. गाडी अचूक पूर्व-पश्चिम लावलेली, म्हणजे लांब बाजू दक्षिणेला. चारही पॅनल 57 अंशांवर उभे. दुपारी मीटर भरघोस आकडा दाखवायचा, दिवसाची बेरीज मात्र तुटपुंजी, आणि पहाटे बॅटरी रिकामी.

57 हा आकडा चुकीचा नाही. क्वार्ट्झसाइट 33.7 उत्तर अक्षांशावर आहे. 21 डिसेंबरला भर माध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून 33 अंशच वर असतो. आडव्या पॅनलला थेट उन्हाचा 54 टक्केच वाटा मिळतो, 57 अंशांवर पूर्ण मिळतो. (जूनमध्ये सूर्य 80 अंशांवर जातो, तेव्हा हा खटाटोप करूच नये.) पण हा कोन एकट्या पॅनलचा. इथे एकामागे एक दोन रांगा होत्या.

पॅनलची रुंदी 67 सेंटिमीटर, दोन रांगांमधलं अंतर 60. पुढच्या रांगेची वरची कड टपापासून 56 सेंटिमीटर उंच जाते. माध्यान्ही, म्हणजे इथल्या घड्याळात साडेबाराच्या पुढे, तिची सावली मागच्या रांगेच्या चार सेंटिमीटर अलीकडे थांबते. म्हणून मीटर खूश. सव्वादोनच्या सुमारास सावली मागच्या काचेवर चढते आणि चारपर्यंत सेलची खालची अख्खी ओळ झाकून टाकते. सकाळीही अकरापर्यंत हेच, उलट्या क्रमाने.

एक ओळ म्हणजे पाव पॅनल गेला, असं लोक धरून चालतात. या पॅनलमध्ये 36 सेल, नऊ-नऊच्या चार ओळी, आणि दर दोन ओळींवर एक बायपास डायोड, म्हणजे झाकलेले सेल वगळून करंटला वाट देणारा भाग. एक ओळ झाकली की डायोड दोन ओळी वगळतो आणि 20 व्होल्टचे 10 होतात. त्यात चारही पॅनल पॅरलल (समांतर, म्हणजे व्होल्ट वाढत नाहीत) जोडलेले! ‘सावली असेल तर पॅरलल’ हा सल्ला डोळे झाकून दिला जातो. दहा व्होल्टचा पॅनल तेरा व्होल्टची बॅटरी कशी भरणार? सावलीच्या वेळात मागची रांग जवळजवळ बंदच होती.

पुढचा एक आणि त्याच्या मागचा एक अशा सिरीजमध्ये (एकापुढे एक, म्हणजे व्होल्टची बेरीज होते) जोड्या केल्या आणि दोन्ही जोड्या पॅरलल जोडल्या. आता सावलीत 40 चे 30 व्होल्ट होतात. निम्म्याऐवजी पाव जातं. चारही सिरीजमध्ये नाही घेतले, कारण बॅटरी चार्ज करणाऱ्या कंट्रोलरची मर्यादा 100 व्होल्ट, चौघांचं ओपन सर्किट (काही भार नसतानाचं) व्होल्टेज 96, आणि थंडीत ते आणखी चढतं.

मग पुढची रांग 30 अंशांवर उतरवली. माध्यान्ही तिला अजूनही 89 टक्के ऊन मिळतं आणि मागची रांग साडेनऊ ते साडेतीन मोकळी राहते. मागची 57 वरच ठेवली. तिच्या मागे कुणी नाही.

खरा संताप आला तो ब्रॅकेट पाहून. स्क्रू नुसत्या प्लायवूडमध्ये मारलेले. इथे हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो आणि तो उघड्या पाठीवर आदळून पॅनल उचलायला बघतो. ताशी 65 किलोमीटरला एका पॅनलवर साधारण 20 किलोचा जोर येतो. वेग दुप्पट झाला की चौपट. स्क्रू आडव्या फळ्यांमध्ये घेतले, खाली ब्यूटाइलची चिकट पट्टी, वर रबरी टपाला चालणारं सीलंट. पेट्रोलियमवालं लावलं तर रबर फुगतं. स्टेनलेसचे आटे सुके आवळले की जाम होतात, म्हणून अँटी-सीझ वंगण. केबलला पॅनल पूर्ण उभा राहील एवढी ढील.

काम झालं, पण एक हिशेब सुटत नाही. आडवे ठेवले तर हे 800 वॅट माध्यान्ही साधारण 430 देतात, नव्या मांडणीत 755. हा 325 चा फरक जमिनीवर उभे केलेले 200 वॅटचे दोन पॅनलही भरून काढतात, आणि शिडी लागत नाही. गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, टप जवळपास चार मीटर उंच, सकाळी दवाने निसरडा. मी हे मांडलं. किटचे पैसे आधीच गेलेत, म्हणून त्यांनी टपच निवडला. चोरी होईल, प्रवासात ते दोन ठेवायचे कुठे, या शंकाही रास्त होत्या. वाऱ्याचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळी उजेडातच पॅनल आडवे करायचे, रात्री वर चढायचं नाही, एवढं मात्र दोघांकडून कबूल करून घेतलं.